उजवीकडची काच

"साहेब, आमचे बाबा जन्मभर बशीएवढ्या भोकातून बघत गाडी चालवतायत, मग ते अजून जिवंत कसे?"

प्रश्न विचारून ब्रायर खाली बसली नाही. पैजच तशी होती. टेला आणि मेरेआना या मैत्रिणींनी सकाळी बसमध्ये ती लावली होती: पोलिसांचं भाषण संपलं की अख्ख्या शाळेसमोर हे विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत उभं राहायचं. गेल्या वर्षीची ब्रायर असती तर बाकाखाली लपली असती. तेव्हा हजेरीला साधं 'हजर' म्हणतानासुद्धा तिचा आवाज घशात अडकायचा. पण यंदा वादविवाद स्पर्धेत तिनं वरच्या वर्गातल्या एका शहाण्याला पार रडकुंडीला आणलं होतं, आणि तेव्हापासून तोंड जे उघडलं होतं ते मिटायचं नाव घेत नव्हतं.

हॉल खदाखदा हसला. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांचे बाप तसेच गाडी चालवायचे. ग्लेनारिक गावात हिवाळ्यात गाडीची काच म्हणजे बर्फाची पांढरी फरशी. तिला डोळ्यांपुरतं भोक पाडायचं आणि निघायचं; ती सबंध खरवडत बसणारा माणूस म्हणजे नुकताच शहरातून आलेला.

कॉन्स्टेबल टिपेनेनं अर्धा तास घसा कोरडा केला होता. काचेवर उकळतं पाणी ओतू नका, तडकते. कोमट ओतलंत तर ते तिथंच पुन्हा गोठतं. रात्रीच जुनी चादर टाकून ठेवा. इंजिन चालू करा, आतला गरम वारा सोडा, प्लॅस्टिकच्या पट्टीनं सगळी काच खरवडा. सगळी म्हणजे सगळी, आरसे आणि दिवेसुद्धा. तो धिप्पाड माणूस आता ब्रायरकडे बघत राहिला. हसला नाही.

"भोकातून बघणारा मरत नाही, पोरी," तो म्हणाला. "मरतो तो भोकाबाहेरचा."

ब्रायर खाली बसली तेव्हा टेलानं तिच्या हातात पैजेचा चॉकलेटचा मासा कोंबला. "जिंकलीस, भवाने!"

संध्याकाळी ब्रायरनं घरी सगळं साभिनय करून दाखवलं, पोलिसाच्या आवाजासकट. तिचा बाबा, गॅव्हिन, बूट काढता काढता हसला.

"माझं नाव सांगितलंस, की नुसताच पत्ता दिलास?"

"नाव कशाला सांगायला हवं? सगळ्यांना कळलंच कोण ते."

"बघ शोना, घरात फितूर पाळलाय आपण," तो बायकोला म्हणाला. "अगं, गाडी चार पावलं गेली की ऊन लागतं. उरलेली काच सूर्य साफ करतो. तो काय फुकट उगवतो?"

"तू आणि तुझा सूर्य," आई म्हणाली. पण हसली तीही.

त्या आठवड्यात थंडी अशी पडली की कुंपणाच्या तारा बर्फानं बोटाएवढ्या जाड झाल्या. गावात सगळ्यांच्या तोंडी एकच: धरणावर बर्फ धरला का? कितीतरी वर्षांत तो कर्लिंग खेळण्याइतका, म्हणजे त्यावरून जड दगड घसरवत नेमक्या जागी पोचवण्याइतका, जाड झालाच नव्हता. गोल गुळगुळीत दगड कोठारांत धूळ खात पडले होते. एरवी मेंढ्या, चारा आणि गाळात रुतलेले ट्रॅक्टर यांखेरीज ज्यांच्याकडे बोलायला विषय नसायचा ते लोक रोज सकाळी धरणावर जाऊन बर्फाला भोक पाडत होते आणि जाडी मोजत होते. गॅव्हिनच्या संघाची म्होरकी होती शेजारच्या शेतावरची नोलीन. तिनं बर्फावर उभं राहून हाक मारली की दगड लांब जावा म्हणून त्याच्यासमोर झाडूनं बर्फ घासत पळणाऱ्या बाप्यांची पाचावर धारण बसायची. ब्रायर अगदी लहान असताना तिच्या हातात पहिल्यांदा झाडू दिला तोही तिनंच. "जोरात घास, बाळ! दगडाला गुदगुल्या करायच्या नाहीयेत!"

शुक्रवारी नाश्त्याच्या वेळी फोन वाजला. गॅव्हिननं फोन घेतला आणि हातातला पाव तसाच टेबलावर टाकला.

"धरला! बर्फ धरला! साडेआठला दगड सुटणार!"

त्या दिवशी तो एखाद्या पोरासारखा झाला. ब्रायरला बसच्या थांब्यावर सोडून तिथून तसंच धरणावर जायचं ठरलं. तो कोठारातून दगड आणायला धावला आणि ब्रायर पिकअपची काच खरवडायला लागली. आज तिनं मनाशी ठरवलंच होतं, सबंध काच. वायपर उचलले, आतला वारा सोडला आणि डावीकडून, म्हणजे आपल्या बाजूनं, पट्टी चालवायला घेतली. बर्फाच्या साली हातमोज्यांवर उडत होत्या. डावी बाजू आरशासारखी झाली. ती मधल्या रेषेपर्यंत पोचली आणि बाबा झाडू घेऊन आला.

"चल, चल! बस गाडीत!"

"अरे थांब ना, तुझी बाजू राहिलीय."

"बर्फ माझ्यासाठी थांबणार आहे का?" त्यानं तिच्या हातातली पट्टी काढून घेतली, आपल्या डोळ्यांसमोर खसखस चार रेघा ओढल्या आणि झालं एक भोक. "तुझी बाजू झाली ना? मग तू बघ आणि मला सांग."

"मी काय तुझी काठी आहे?"

"आहेसच!"

दोघं हसत निघाले. पिकअपच्या मागच्या भागात दगड एकमेकांवर आदळत होते आणि बाबा शीळ घालत होता. लोकर कातरायच्या शेडपाशी रस्ता वळला आणि समोर सूर्य आला. टेकडीवर नुकताच डोकावलेला, सपाट, सरळ डोळ्यांत घुसणारा. बाबाच्या बाजूचा बर्फ क्षणात उजळला. जणू कुणी काचेवर दूध फेकलं. ब्रायरनं कपाळावर हात धरला. तिच्या बाजूनं मात्र सगळं स्वच्छ दिसत होतं. पांढरं गवत, काळा रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला वाफाळत्या पाण्याची बादली घेऊन उभी असलेली नोलीन. पलीकडच्या हौदाचा गोठलेला नळ सोडवायला ती रोज सकाळी अशीच जायची. आज डोक्यावर कर्लिंग क्लबची लाल गोंड्याची टोपी होती. नळाचं काम उरकलं की तीही धरणावर निघणार होती.

नोलीन थांबली होती. ती गाडीकडेच बघत होती.

"बाबा, नोलीन!" ब्रायर आनंदानं ओरडली आणि तिनं हात केला.

नोलीननं मोकळा हात वर केला. ती हसली आणि रस्त्यावर आली. ओळखीची गाडी, आतून हात केलेला. त्या रस्त्यावर ओळखीची गाडी माणसासाठी हळू होतेच, आणि माणूस त्याच भरवशावर पाऊल टाकतो.

आणि बाबानं, तिकडचा कुणीही ओळख द्यायला करतो तसं, स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. नाव ऐकलं की बोट उचलायचं. समोरचं दिसो न दिसो. त्याची शीळ चालूच होती.

"बाबा! बाबा, ब्रेक!"

धक्का फार मोठा नव्हता. मागचे दगड जास्त जोरात वाजले.

नोलीन रस्त्यावर आडवी पडली होती, टोपी जागच्या जागी. बादली गडगडत चरात गेली होती आणि सांडलेलं पाणी डांबरावर वाफ सोडत पसरत होतं. बाबा गुडघ्यांवर बसून आपलं जाकीट तिच्या अंगावर घालत होता, काढत होता, पुन्हा घालत होता. "नोलीन, ए नोलीन, अगं बोल ना काहीतरी, शिव्या घाल." ब्रायरनं फोन लावला. पत्ता सांगताना तिला आपल्याच गेटवर लिहिलेलं शेताचं नाव आठवेना. अँब्युलन्स येईपर्यंत सांडलेलं पाणी गोठून चकाकायला लागलं होतं.

पिकअपचं इंजिन कुणीच बंद केलं नव्हतं. ते घुरघुरत राहिलं, आतला गरम वारा वाहत राहिला. शेजारच्या गावाहून कॉन्स्टेबल टिपेने येईपर्यंत काचेवर बर्फाचा कण उरला नव्हता. नुसतं पाणी ओघळत होतं, डावीकडे आणि उजवीकडे सारखंच.

त्यानं काचेला बोट लावलं. "काच कशी होती, गॅव्हिन?"

"साफ होती," बाबा म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "ब्रायरनं खरवडली. सूर्य आला रे डोळ्यांवर. वळलो आणि सूर्य."

कॉन्स्टेबल तिच्याकडे वळला. त्यानं तिला ओळखलं. "तू खरवडलीस?"

"हो," ब्रायर म्हणाली. "मी खरवडली."

ते खोटं नव्हतं. अर्ध्या काचेपुरतं तर नव्हतंच. पण ते बोलताना तिचा आवाज पुन्हा तोच निघाला, गेल्या वर्षीचा, घशात अडकणारा.

नोलीनला हेलिकॉप्टरनं डनेडिनच्या इस्पितळात नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

मग गाव धावून आलं. कुणी मटणाचा रस्सा आणला, कुणी खारी बिस्किटं. मेंढ्यांना चारा घालायला तर न सांगता दोघं येऊन गेले. "सूर्य कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, गॅव्हिन? उद्या आमच्यावर येईल." बाबा मान हलवायचा. तो जेवत नव्हता. अंगणात पिकअप उभी होती तिकडच्या खिडकीचा पडदा त्यानं ओढून घेतला होता.

अंत्यविधीला कर्लिंगवाल्यांनी दोन रांगा केल्या आणि वर धरलेल्या झाडूंची कमान करून नोलीनला तिच्याखालून नेलं. बाबा मागे भिंतीशी उभा होता. नोलीनचा नवरा कॉलिन स्वतः चालत त्याच्यापाशी गेला, हाताला धरून त्याला रांगेत आणलं आणि त्याच्या हातात झाडू दिला. नोलीनचाच. सगळ्यांचे डोळे भरून आले. ब्रायर तेवढी दुसरीकडे बघत होती.

नंतर हॉलमध्ये चहा होता. बायका सँडविच फिरवत होत्या आणि हळू आवाजात बोलत होत्या.

"मी कितीदा सांगितलं होतं तिला, सूर्य वर येईतो रस्ता ओलांडू नकोस म्हणून."

"डोक्यात कर्लिंग असणार गं. गाडीचा एवढा आवाज, तो कसा ऐकू येत नाही?"

"करड्या कोटात होती म्हणे. दिसणार कशी?"

ब्रायरनं हातातलं सँडविच बशीत ठेवून दिलं. तेवढ्यात कॉलिन तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला. तो मोठा माणूस एकाएकी आपल्याच कपड्यांत हरवल्यासारखा दिसत होता. चहाचा कप त्यानं दोन्ही हातांनी धरला होता.

"एक विचारू का, बाळ? तू होतीस म्हणून विचारतो. तिनं बघितलं होतं का गाडीकडे?"

ब्रायरनं मान खाली घातली.

"सगळे म्हणतात, न बघता आली. जन्मभर माझ्या बेफिकिरीवर ओरडली ती. आणि शेवटी स्वतःच असं करावं?" त्याचा आवाज फाटला. "खोटं कशाला बोलू, मला तिचा राग येतो. रात्री अंथरुणात पडून मी तिच्याशी भांडतो. का नाही गं बघितलंस, म्हणून."

तेवढ्यात कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो उठला.

घरी आल्यावर आईनं कुणीतरी दिलेला रस्सा गरम करायला ठेवला. बाबा टाय न सोडवता टेबलाशी बसला होता. बाहेर अजून ऊन होतं, पिवळं आणि कामाचं नसलेलं.

"उद्या टिपेने येतोय जबाब घ्यायला," आई पाठमोरी राहूनच म्हणाली. "थोडक्यात सांग, ब्रायर. वळलो, सूर्य होता, संपलं. जास्त बोलायला जाऊ नकोस."

ब्रायर बाबासमोर बसली. "तुला ती दिसली होती?"

"ब्रायर," आई म्हणाली.

"मला त्याला विचारू दे. बाबा, दिसली होती?"

बाबानं टेबलावरच्या चिरेवरून अंगठा फिरवला. "नाही."

"मग बोट का उचललंस?"

"तू नाव घेतलंस म्हणून." आणि तो रडायला लागला, आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. ब्रायरनं त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, इथंच थांबावं, उठून त्याला मिठी मारावी आणि सगळं सूर्यावर सोडून द्यावं.

आई चुलीपासून वळली. "झालं समाधान? ऐक माझं. हे या चार भिंतींबाहेर जाणार नाही. हा आत गेला तर शेत कोण बघेल? उन्हाळ्यात कातरणी आहे. आणि त्यानं नोलीन परत येणार आहे का? कॉलिननं स्वतः याच्या हातात झाडू दिला, स्वतः! त्यानं माफ केलं, मग तू कोण उकरून काढणारी?"

"त्यानं बाबाला माफ केलं, कारण तो नोलीनला दोष देतोय," ब्रायर म्हणाली. "तो तिच्याशी भांडतो, आई. ती मेलीय आणि तो तिच्याशी भांडतो."

भांड्यातला रस्सा तळाशी लागल्याचा वास यायला लागला. आईनं तो उतरवला नाही.

ब्रायर उभी राहिली. तिचा आवाज आता कुठंच अडकला नाही.

"उद्या कॉन्स्टेबल आला की मी सगळं सांगणार आहे. नोलीन थांबली होती. तिनं बघितलं होतं. मी हात केला म्हणून ती पुढे आली. आणि उजवीकडची काच साफ नव्हती. त्याच्याआधी मी कॉलिनकडे जाणार, सकाळीच. बाबा, तू आलास तर आपण दोघं जाऊ, मी तुझा हात सोडणार नाही. नाही आलास तर मी एकटी जाईन. पण जाणार."