कोपऱ्यातला जांभळा डाग

“काच पोटाशी धरा, रामभाऊ. सगळं वजन काचंतच असतंय,” खालच्या पायरीवरून फकीरभाई म्हणाले. “अन् मागची मान, ती काचेची नळी, सांभाळा. ती मोडली तर ह्याला जगात कुणी वाली न्हाय.”

टीव्ही जिन्याच्या वळणावर अडकला होता. रामच्या बोटांत खोक्याची कड रुतत होती. पस्तीस वर्षांपूर्वीचा रंगीत टीव्ही तो. दोन माणसांनी उचलायचा आणि तिसऱ्यानं वाट काढायची. जानेवारीत आई-वडिलांची वालचंदनगरची खोली सोडताना रामनंच फकीरभाईंना सांगितलं होतं, “घेऊन जा, मोडीत घाला.” रामचे वडील, अप्पा, होते तोवर त्यांच्यासाठी फकीरभाईंनी हा टीव्ही दुरुस्तीला दहा वेळा उघडला होता. मोडीत घालायला त्यांचा जीव झाला नाही, म्हणून तो दुकानाच्या मागच्या खोलीत राहिला. राहिला ते नशीब.

कारण वर, जळोचीच्या ह्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, रामच्या आईनं चार दिवस अन्नाला तोंड लावलेलं नव्हतं. तिला, तानूबाईंना, आताशा माणसं ओळखू येत नव्हती. तिच्या लेखी सून म्हाळसा म्हणजे नर्स, आणि राम म्हणजे कुणीतरी भला माणूस. घास पुढं केला की ओठ घट्ट मिटायचे आणि एकच धोशा: “मला घरी सोडा. घरी गेल्यावर जेवीन.” परवा रामनं तिला गाडीत घालून वालचंदनगरला नेलंही. दारात दुसऱ्यांच्या चपला बघून ती म्हणाली, “हे न्हवं. आमच्यात टीव्ही हाय.”

सकाळी डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर दाखल करा, नाकातून नळी घालू. मागच्या महिन्यात घातली होती की. तिनं ती उपसून काढली, रक्त आलं, मग त्यांनी तिचे दोन्ही हात पट्टीनं खाटेला बांधले. “सोडा की हो, पुन्यांदा न्हाय करायची,” असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला विनवत होती आणि खाटेच्या पायाशी उभा राहून राम ते ऐकत होता. ते त्याला पुन्हा बघायचं नव्हतं. काही झालं तरी नव्हतं.

म्हाळसानं हॉलमध्ये स्टूल मांडून ठेवलं होतं. टीव्ही त्यावर बसला आणि फकीरभाईंनी कंबर सरळ केली.

“ह्याला फक्त ॲन्टेनाची वायर कळती. आत्ताचं काय डायरेक्ट चालायचं न्हाय,” ते म्हणाले. केबलचा डबा आणि टीव्ही यांच्यामध्ये त्यांनी आपला एक छोटा डबा जोडला, मग पुढची झडप उघडून आतलं बारीक चाक नखानं फिरवायला लागले. आधी नुसत्या मुंग्या, मग तिरक्या रेघा, मग एकदम एक बाई कढई हलवताना दिसू लागली. बाईचा चेहरा हिरवट होता. वर उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा जांभळा डाग होता.

“चुंबकानं खाल्लाय कोपरा. थांबा.”

त्यांनी पिशवीतून तारांच्या वेढ्यांचं एक मोठं कडं काढलं, प्लग लावला, आणि दृष्ट उतरवावी तसं ते काचेपुढं गोल गोल फिरवलं. पडद्यावर रंग घुसळून निघाले. तसंच फिरवत फिरवत ते उलट्या पावली दारापर्यंत गेले आणि तिथं बटण बंद केलं. डाग गेला होता. मग त्यांनी रंगाची बटणं पिळून बाईचा चेहरा गव्हाळ केला, साडी लाल केली, कोथिंबीर हिरवी केली.

“माणसाचं तोंड माणसावाणी दिसलं की समजायचं जमलं,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा फुलला होता, आणि का फुलू नये? नवीन होता तेव्हाही हा टीव्ही इतका चांगला दिसला नसेल.

रामनं आईला हाताला धरून आणलं, समोर बसवलं. म्हाळसा ताट घेऊन आली. मऊ भात, वरण, वर तुपाची धार. आई पडद्याकडं बराच वेळ बघत राहिली.

“ह्यो कुणाचा हाय?”

“आपलाच गं आई. हे बघ, बटण सैल होतं म्हणून अप्पांनी काडी खोचलेली. दिसती का?”

“न्हवं. आमचा असा न्हाय.” तिनं ओठ मिटले.

“आई, एक घास. एकच.”

तिनं मान फिरवली. चमच्यातला भात पातळावर सांडला आणि रामचा तोल गेला.

“आता काय करू मी? सांग ना, काय करू? उद्या परत हात बांधतील तुझे! पाया पडतो तुझ्या, खा!”

“अहो, ओरडू नका,” म्हाळसा म्हणाली. आई अंग चोरून बसली होती. परक्या घरात परका माणूस आपल्यावर का ओरडतोय, हे तिला कळत नव्हतं.

राम खाली फरशीवर बसला. ओरडल्याची त्याला लाज वाटत होती, आणि आता काही उरलं नाही, हेही कळत होतं. समोर ती बाई कोथिंबीर चिरत होती, सगळं कसं लख्ख. वरचा कोपरासुद्धा.

“फकीरभाई,” तो म्हणाला, “तो डाग परत आणता येईल?”

“काय?”

“अप्पांचा रेडिओ कायम टीव्हीवर असायचा. त्यानंच पडलेला तो. मला कळायला लागल्यापासून तो कोपरा जांभळाच होता.”

म्हाळसानं ताट बाजूला ठेवून माळ्यावरून रेडिओ काढला. मोठा, चामडी कव्हराचा, सेल पाझरून आतून हिरवा पडलेला.

“हा तर बंद आहे,” ती म्हणाली.

“रेडिओ मेला तरी त्यातलं चुंबक मरत न्हाय.” फकीरभाईंनी आधी रंगाचं बटण पिळून त्या बाईला पुन्हा हिरवट केलं. “चाळीस वर्षं लोकांच्या पडद्यावरचे डाग काढले. डाग पाडा म्हणणारे तुमीच पहिले. ठेवा.”

रामनं रेडिओ टीव्हीवर ठेवला. काही झालं नाही. त्यानं तो कडेला सरकवला, थोडा तिरका केला, आणि कोपऱ्यात जांभळा रंग उतरायला लागला. कामावरून आल्यावर अप्पा करायचे तसं, नकळत, त्यानं रेडिओवर दोन बोटांनी टकटक केलं.

“आज लई उशीर केलासा.”

राम वळला. आई टीव्हीकडं बघतच नव्हती. ती त्याच्याकडं बघत होती. कितीतरी महिन्यांत इतकं सरळ बघितलं नव्हतं तिनं.

“हातपाय धुतलं का?”

‘आई’ हा शब्द रामच्या ओठांवर आला. तिच्या मागं उभ्या असलेल्या म्हाळसानं ‘नको’ म्हणून जोरात मान हलवली.

“धुतले,” तो म्हणाला.

“मग बसा की. वाढते.”

तिनं बाजूला ठेवलेलं ताट उचललं आणि त्याच्यापुढं ठेवलं. राम भिंतीला पाठ लावून बसला, अप्पा बसायचे तसा, एक गुडघा वर घेऊन. तो जेवायला लागला. ती त्याचा घास न् घास बघत होती, पण स्वतः काही खात नव्हती. ताट निम्मं झालं तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. आईनं जन्मात वेगळं ताट घेतलं नव्हतं. अप्पा उठले की त्यांच्याच ताटात तिचं जेवण. कॉलेजात असताना ह्यावरून राम तिच्याशी भांडला होता. उष्टं कशाला खातेस, शोभतं का आपल्याला, म्हणाला होता.

त्यानं हात आखडता घेतला आणि ताट तिच्याकडं सरकवलं.

“बास मला.”

“एवढंच?”

“बास.”

तिनं ताट पुढ्यात ओढलं, उरलेला भात कालवला आणि घास तोंडात घातला. मग दुसरा. म्हाळसा ओट्याकडं तोंड करून उभी राहिली. फकीरभाई आवाज न करता कड्याची वायर गुंडाळू लागले.

पाचव्या घासाला आईचा हात थांबला.

“राम आला न्हाय व्हय अजून?”

तिच्या गालाला भाताचं शीत लागलं होतं.

“येईल,” तो म्हणाला. “शाळा सुटली की येईल. तू जेव.”

“भूक लागलेली असती वो त्याला.” तिनं मूठभर भात ताटाच्या कडेला बाजूला सारला, आणि उरलेला ती जेवू लागली.