दहा वाल

“दोनच?” उर्सुला नर्सने वाटीत डोकावून पाहिलं आणि ती हसलीच. “अगं यशोदा, एवढ्या धीरात पायातला काटासुद्धा निघायचा नाही!”

दवाखान्यातल्या बाकावरच्या सगळ्या बायका खिदळल्या. चांदीपहून आगाशीला बहिणीकडे बाळंतपणासाठी आलेली यशोदा खाली बघत राहिली.

खरं तर मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी साधंच सांगितलं होतं. कळा सोसायचा धीर किती वाटतो, ते प्रत्येक गरोदर बाईने वाटीत वाल टाकून दाखवायचं. मुळीच नसेल तर एकही नाही, पुरेपूर असेल तर दहा. पण उर्सुलाने त्याची परीक्षाच करून टाकली. दहावालीला शाबासकी, दोनवालीला टोमणा. मग काय, पुढच्या सगळ्या जणी मुकाट्याने दहा टाकू लागल्या. उर्सुलाही पोटुशी होती, पहिलटकरीण. तिने सगळ्यांसमोर आपले दहा ठणकावून टाकले. “आणि माझ्यासमोर ओरडायचं नाही हां,” असं वर बजावलंही.

दिवस भरले तशी यशोदा बाळंत झाली, तीही हूं की चूं न करता. “बघ, उगाच घाबरत होतीस,” तिची पाठ थोपटत उर्सुला म्हणाली. आणि त्याच दुपारी तिच्या स्वतःच्या कळा सुरू झाल्या.

अगं बाई, काय ओरडली ती! देवाला हाका मारून झाल्या, आईला हाका मारून झाल्या, बाहेर बसलेल्या निकोलसला, नवऱ्याला, शिव्या देऊन झाल्या. द्वारका आयाचा हात तिने पार ओरबाडून काढला. सगळ्या दवाखान्याने ऐकलं.

सकाळी मुलगी कुशीत होती, पण उर्सुलाला मान वर करवेना. शेजारच्याच खाटेवर यशोदा, तोंडाला पदर लावून. हसत असणार. हसू दे, आपण नव्हतो का हसलो? कुठल्या तोंडाने आता बाकासमोर उभं राहायचं?

शेवटी तिनेच विचारलं, “दोन वाल टाकलेस तू. मग एवढी गप्प कशी राहिलीस गं?”

“भ्याले, बाई.”

“कळांना?”

“नाय. तुमी परत हसाल म्हनून.”

बोलता बोलता पदर सरकला. यशोदाचा खालचा ओठ दातांनी फाटून टम्म सुजला होता. काल तो उर्सुलाच्या डोळ्यांसमोर होता, आणि तिने पाहिलाच नव्हता. वर पाठ थोपटली होती! मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

तेवढ्यात यशोदाचं बाळ रडायला लागलं. द्वारका आया लगबगीने आली आणि उर्सुलाच्याच रोजच्या सुरात म्हणाली, “गप्प. ओरडायचं नाही हां.”

“ओरडू दे त्याला,” उर्सुला म्हणाली. तिचा घसा इतका बसला होता, की आयाला ते दुसऱ्यांदा विचारावं लागलं.