दोघींचा एक रेनकोट

मोटारसायकल इतकी उंच होती की शोरूममधल्या विक्रेत्याने किल्ली देताना आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग सीटकडे, मग पुन्हा पायांकडे. मी बसून दाखवलं. दोन्ही चवडे कसेबसे जमिनीला टेकले, टाचा मात्र अधांतरी.

"मॅडम, घोड्यावर बसल्यासारखं वाटतंय ना?"

"ती घोड्यांचीच डॉक्टर आहे," वहिनी म्हणाली. "लाथा मारणारे घोडे तिचं ऐकतात. ही तर नुसती पेट्रोल पिते."

मी जनावरांची डॉक्टर. डोंगरातल्या गोठ्यांकडे जाताना जरा चिखल झाला की माझी जुनी स्कूटर हात टेकायची. म्हणून ही ॲडव्हेंचर मोटारसायकल घेतली, मोठ्या चाकांची, दगडधोंड्यांना न जुमानणारी. गाडी आणायला वहिनी माझ्याबरोबर बसने शहरात आली होती. निघताना दादाने एवढंच सांगितलं, "माझी बायको जशी नेतेस तशी आणून दे. बाकी तुझी गाडी, तुझी हौस."

वहिनी तंबू शिवते, दुकानांपुढची कापडी छतं शिवते, ट्रकवरच्या ताडपत्र्या शिवते. बारीक कात्री दोरीने गळ्यात अडकवलेली असते, ती झोपतानाच काय ती निघते. आजच्या प्रवासासाठी तिने एक खास वस्तू शिवली होती. आम्हा दोघींचा मिळून एक रेनकोट. अखंड एकच कापड, त्याला दोन गळे. पुढे चालवणारीला बाह्या, मागे बसणारीचे हात आतल्या आत पुढचीच्या कमरेला.

"दोघींनी वेगवेगळे घातले की मधल्या फटीतून पाणी शिरतं," ती म्हणाली. "म्हणून फटच ठेवली नाही."

विक्रेता हसू दाबत होता.

"हसा खुशाल. माझी शिवण आजवर उसवलेली नाही."

वादळ रात्री येईल असं रेडिओवर सांगत होते. पण मेकॅनिकने सीट थोडी खाली बसवून देण्यात अर्धी दुपार खाल्ली, आणि वादळाला रात्रीपर्यंत दम निघाला नाही. शहर मागे पडलं तसं आभाळ खाली उतरलं. पावसाने आधी हळूच बोट लावलं, मग मूठ आवळली.

तरी सुरुवातीला मजाच होती. बाहेर सगळं पाणी पाणी आणि आत आम्ही दोघी कोरड्या, एका कोशातल्या दोन किड्यांसारख्या. वहिनीने तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटला टेकवलं. तसं टेकवलं की आवाज आत उतरतो.

"वन्सं, एक थेंब तरी आला का?"

वन्सं म्हणते म्हणजे स्वारी खुशीत. "नाही आला," मी ओरडले. "आता पदक घे आणि गप्प बस."

मग धरण आलं.

आमच्या घरचा रस्ता धरणाच्या भिंतीवरून जातो. एरवी तिथे माणसं मुद्दाम थांबून पाणी बघतात. डावीकडे कमरेएवढा कठडा आणि त्याच्याखाली जलाशय. उजवीकडे काहीच नाही, नुसती मोकळी दरी, आणि त्या दरीतून वारा चढून येत होता. भिंतीवर शिरलो आणि त्याला आमचा रेनकोट दिसला.

कापड फुगलं. दोन गळ्यांच्या मधल्या पोकळीत वारा शिरला आणि त्याला बाहेर पडायला जागाच सापडेना, कारण वहिनीने जागा ठेवली नव्हती. शीड झालं आमचं. गाडी माझ्या हातांचं ऐकेना, ती कठड्याकडे निघाली. मी उजवीकडे कलले, वेग कमी केला, तर ती जास्तच डगमगली. शेवटी कठड्याला लागून उंचवटा होता त्यावर डावा पाय रोवला आणि गाडी उभी केली. खाली पाणी काळं होऊन उसळत होतं. वारा आम्हाला कठड्यावर रेटत होता, आणि कठडा होता फक्त कमरेएवढा.

"वहिनी, तू उतर. बाजूला खाली बसून राहा."

तिने उठायचा प्रयत्न केला तसा माझा गळा आवळला, गाडी हलली आणि माझा पाय घसरता घसरता राहिला.

"उतरता येत नाही," ती हेल्मेट टेकवून म्हणाली. "मी उतरले की तू पडशील. आपण एकातच आहोत."

दादाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मला माझी भीती वाटत नव्हती असं नाही. पण माझ्या कमरेभोवती दोन हात होते, आणि ते मला घरी पोचवायचे होते.

"काप," मी म्हणाले.

पाठीवर तिचा श्वास जाणवत होता. कितीतरी संध्याकाळी ती मशीनवर वाकून, दाताने दोरा तोडून, शिवणीवरच्या पट्ट्या बोटाने दाबत बसली होती, मला माहीत होतं.

"वहिनी. काप ना गं."

कमरेवरचा एक हात निघाला. आतल्या आत तिने कात्री शोधली असावी. मग करकर आवाज आला, माझ्या मानेमागून खाली, सरळ, न थांबता, कसलेल्या हाताचा. शेवटी तिच्या कॉलरची पट्टी तुटली आणि तिच्या वाटचं सगळं कापड वाऱ्याने तिच्या अंगावरून ओरबाडून नेलं. ते पाण्यावर थोडं तरंगलं आणि बुडालं. माझ्या वाटचं तिने माझ्या कमरेला गुंडाळून गाठ मारली. गाडी एकदम हलकी झाली, माझी झाली.

"उसवली नाही हं," ती म्हणाली. "कापावी लागली."

मागून दुधाचा टँकर येत होता. ड्रायव्हरने आमच्याशेजारी वेग कमी केला, काच खाली करून डोकं बाहेर काढलं.

"बायांनो, इथे काय गप्पा मारता? माझ्या आडोशाने चला. मी हळू घेतो."

"काका, फार हळू घेऊ नका, हिचे पाय पुरत नाहीत," वहिनी ओरडली.

टँकर आमच्या उजव्या अंगाला भिंतीसारखा राहिला आणि वारा त्याच्या पलीकडे डोकं आपटत बसला. मी गाडी पुढे काढली. वहिनी नखशिखांत भिजली होती, दात वाजत होते, आणि अशा अवस्थेत तिने माझ्या हेल्मेटला हेल्मेट टेकवून चक्क गाणं जुळवलं:

वाऱ्या रे भाऊराया, वाट जराशी सोडावी
दमली नणंद माझी, तिच्या दारात धाडावी

"भाऊराया म्हणतेस त्याला? आत्ता ढकलत होता तो."

"गोडीगुलाबीने घ्यावं लागतं. तुझ्या दादालाही तसंच घेते."

मी हसले, आणि हसताना कळलं की इतका वेळ मी जबडा आवळून धरला होता. भिंत संपली. टँकरवाल्या काकांनी हॉर्न दिला आणि ते त्यांच्या वाटेने वळले. पुढे झाडी होती, वळणं होती, पाऊसही होता, पण तो आता नुसता पाऊस होता.

दादा रस्त्यावरच उभा होता, छत्री उलटी झालेली, चपला हातात. आम्हाला पाहून तो पुढे आला. त्याने वहिनीच्या हेल्मेटचा पट्टा सोडवला, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, इकडे तिकडे वळवून पाहिला, मग माझा.

"पाणी तापवलंय," म्हणाला. "उतरा आता."

वहिनी उतरली. मला उतरता येईना. माझी बोटं हँडलभोवती वळली होती ती वळलेलीच. सोड म्हटलं तरी सुटेनात.

"राहू दे, घाई नाही," वहिनी म्हणाली. दादाने गाडी धरून ठेवली. वहिनीने माझ्या उजव्या हातावर फुंकर घातली, करंगळी धरून अलगद सरळ केली, मग तिच्या शेजारचं बोट. गुंता सोडवावा तशी एकेक. तिचे स्वतःचे हात गारठून निळे पडले होते, तरी त्यांना ओढ कुठे द्यायची आणि कुठे नाही हे ठाऊक होतं. शेवटचा अंगठा सुटला आणि मला रडू फुटलं, लहान मुलीसारखं, नाक वाहीपर्यंत.

"काय झालं गं?" दादा घाबरला.

"काही नाही," वहिनी मला कुशीत ओढत म्हणाली. "पोचलोय ते आत्ता कळलं तिला."