मागच्या सीटवरचा ब्रेक

आमच्या ह्यांना सगळे ब्रेकसर म्हणतात. अर्ध्या गावाला ह्यांनी गाडी शिकवली, आणि शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे जो जादा ब्रेक असतो, त्यावरून ह्यांचा पाय कधी उठला नाही. मला तेवढी शिकवली नाही. एका गाडीत ओरडणारे दोघं नकोत, म्हणाले. मग मी ह्यांच्या क्लाससमोरच्या दुसऱ्या क्लासात जाऊन लायसन्स काढलं. मी माहेरी निघून गेले असते तरी ह्यांना एवढं लागलं नसतं. मी चालवत असलेल्या गाडीत हे कधी बसले नाहीत.

पुढेही बसले नाहीतच, आडवे झाले. लिव्हरचा कॅन्सर निघाला आणि बघता बघता मणक्यात शिरला. "वळायचं तर इंडिकेटर तरी द्यायचा," एवढंच हे म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी कमरेला पट्टा दिला, रोज रेडिएशनला यायला सांगितलं, आणि मला बाजूला घेऊन बजावलं की मणका दबला तर पायांतली ताकद जाईल, आणि गेलेली परत येईलच असं नाही. पाय हलेनासे झाले तर असाल तशा निघून या.

पहिल्या दिवशी अँब्युलन्स बोलावली. ह्यांनी पडल्या पडल्या ड्रायव्हरला क्लचवर असं व्याख्यान दिलं की दुसऱ्या दिवशी तो फोनच उचलेना. उरले मी.

मागच्या सीटवर हे उताणे, गुडघे मोडून. डोकं डावीकडे, पाय माझ्या पाठीमागच्या दाराशी. दिसायचं फक्त आकाश, विजेच्या तारा आणि इमारतींचे वरचे मजले. तेवढ्या भांडवलावर शिकवणी चालू. पाण्याची टाकी दिसली की गिअर कमी कर, पिवळी गच्ची आली की वळण घे. मला जरा उशीर झाला की दारावर धाडकन लाथ. पाय अजून ब्रेक शोधत होता.

आधी मी वैतागले. मग डोक्यात प्रकाश पडला, की लाथ बसतेय म्हणजे पाय शाबूत आहेत. विचारलं असतं तर ह्यांनी खरं सांगितलं नसतं. तेव्हापासून मी मुद्दाम वाईट चालवायला लागले. खड्डे तेवढे जिवापाड चुकवले, बाकी एक नियम धड ठेवला नाही. इंडिकेटर न देता वळले, धाड. पुढच्या रिक्षाला चिकटले, धाड. हॉस्पिटलात मी हसतच शिरायची.

एका सकाळी मागून काही येईना. न सांगता वळले, शांत. रिक्षाला चिकटले, शांत. मागे वळून बघायचा धीर होईना. शेवटी बँकेमागच्या एकेरी रस्त्यात मी सरळ उलटी घुसले.

शांत.

समोरून दुधाची गाडी आली, हॉर्न वाजवत उभी राहिली. मी थांबले, मागे हात घातला आणि ह्यांच्या तळव्याला नख लावलं.

पाय झटक्यात वर गेला. "काय चाललंय तुझं? जरा डोळा लागला होता."

दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत ह्यांचा डोळा लागलेला मी जन्मात पाहिला नव्हता. इतक्यात ट्रॅफिक हवालदार धावत आला, आत डोकावला आणि सॅल्यूटच ठोकला. ह्यांचा शिष्य. सर गाडीत असताना असं कसं झालं, हे त्याला कळेना.

"ह्यांचे पाय चालतात का बघत होते," मी म्हटलं.

मागून हे म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मुद्दाम?"

"मुद्दाम."

"आणि मी समजत होतो, त्या क्लासात काही शिकवतच नाहीत."

हवालदाराने मागची रहदारी अडवली. "काकू, रिव्हर्स घ्या."

रिव्हर्सला मागे वळून बघावंच लागतं. वळले, तर ह्यांचा चेहरा समोरच. उतरलेला, दाढी वाढलेली, डोळे माझ्यावर.

"माझ्याकडे काय बघतेस? काचेतून बघ. आणि क्लच हळू सोड."