जर्नलातला लाल ठिपका

विजयसिंह साहेबांनी होमिओपॅथीचं कॉलेज काढलं, कारण त्या वर्षांत ज्याच्याकडे थोडं माळरान आणि थोडी ओळख होती तो प्रत्येक जण कॉलेज काढत होता. आत शिकवायचं काय, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. त्यासाठी त्यांनी मला ठेवलं होतं. शरीररचनेचा लेक्चरर.

अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याला कॉलेजात कॉम्प्युटर आला. सोबत पुण्याहून आणलेली एक सीडी. यकृत, मूत्रपिंड, जीभ यांच्या पातळ चकत्या मायक्रोस्कोपखाली कशा दिसतात त्याची चित्रं तिच्यात होती. साहेबांनी भाषण ठोकलं.

"जग कुठं चाललंय, आन् आपली पोरं अजून एक डोळा झाकून नळकांड्यात बघत्यात. हे आता बंद."

टाळ्या पडल्या. बारा मायक्रोस्कोप त्याच दिवशी स्टोअरमध्ये गेले आणि किल्ली आश्रुबाच्या कमरेला गेली. आश्रुबा आमचा लॅब असिस्टंट. मोठ्या कॉलेजात आयुष्यभर स्लाइडी बनवून रिटायर झालेला, आणि त्या इमारतीत ज्याला काही येत होतं असा एकटा माणूस.

मग शस्त्रपूजेत कॉम्प्युटरचीही पूजा झाली. साहेबांच्या आई बायनाबाईंनी ओल्या हळदकुंकवाचं बोट थेट काचेवर टेकवलं, वर, उजव्या कोपऱ्यात. वाळल्यावर बरंचसं झडलं, पण टिकलीएवढा लाल डाग काचेला धरून राहिला. तो कुणी पुसला नाही. साहेबांचे वडील तेव्हा दवाखान्यात होते. अशा वेळी बायनाबाईंच्या हातचं कुंकू पुसायची कुणाची छाती होती? मला हे सगळं फार नंतर कळलं. पूजेच्या वेळी मी मागे उभा राहून पेढा खात होतो आणि सगळ्यांची मनातल्या मनात टिंगल करत होतो.

कॉम्प्युटरच्या खोलीत पाय ठेवायचा नाही, असं मी ठरवून टाकलं. असल्या खेळण्यावर काय शिकवणार? ऑफिसातला टायपिस्ट सटवा, ज्याचा कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स झाला होता, तो चित्रं पुढे सरकवायचा. दिवाळीनंतर भरलेल्या वर्गातली, नवी-जुनी मिळून साठ मुलं त्या वीतभर पडद्यापुढे दाटीवाटीने बसून जर्नलात चित्रं उतरवायची. मी स्टाफरूममध्ये चहा पीत सह्या करायचो. मुलंही तशीच होती म्हणा. समोर म्हैस ठेवली असती तरी निमूट काढली असती आणि खाली यकृत लिहिलं असतं.

प्रत्येक चित्रात वर उजवीकडे एक लाल ठिपका असायचा. कुणीतरी त्याला 'रक्तबिंदू' असं नावही दिलं होतं. आपल्या वेळी हे नव्हतं, एवढंच माझ्या मनात आलं. नवीन काहीतरी शोधलं असेल. विचारायचं कुणाला, त्या सटव्याला? माझी एवढीही पत राहिली नव्हती का?

एका जर्नलात मात्र ठिपका नव्हता. शिवांजलीच्या. धारूरच्या मन्मथप्पांची ही मुलगी, भुसार दुकानवाल्यांची. याच विषयात ती एकदा नापास झाली होती, आणि या खेपेलाही राहिली तर शिक्षण बंद, असं वडिलांनी तिला सांगितलेलं होतं. मी तिला बोलावलं.

"रक्तबिंदू कुठाय?"

"सर, मी स्लाइडीवरून काढलंय. आश्रुबाकाका दुपारच्याला मायक्रोस्कोप काढून देतात. त्यात न्हाई दिसत तसलं काई."

"एकोणसाठ जणांना दिसतं आणि तुला एकटीला दिसत नाही?"

मी पानं फाडली आणि नव्याने काढून आणायला सांगितलं. चार दिवसांनी तिने आणली. प्रत्येक चित्रात ठिपका, इतरांपेक्षा जास्त गोल. मी सही केली.

प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक आले. त्यांना दाखवण्यापुरते मायक्रोस्कोप पुसून मांडले होते. आमच्या हजेरीत मुलींची नावं आधी, त्यामुळे पहिला नंबर शिवांजलीचा. तिने समोरच्या सगळ्या स्लाइडी अचूक ओळखल्या. मग परीक्षकांनी जर्नल उघडलं.

"हे लाल काय आहे?"

"रक्तबिंदू, सर."

"यकृतात? आणि जिभेतही? कुणी सांगितलं?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "काय करणार सर, मुलं लक्षच देत नाहीत."

जर्नलला शून्य. त्यांनी गुणपत्रकात शाईने लिहिलं आणि पुढचं जर्नल घेतलं. त्यात ठिपका. तिसऱ्यात ठिपका. पाचव्याला त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कॉम्प्युटर दाखवा म्हणाले. सटव्याने चित्रं सरकवली. यकृत गेलं, मूत्रपिंड आलं, जीभ आली. ठिपका जागचा हलला नाही. परीक्षकांनी अंगठ्याने काच घासली, अंगठा नाकाशी नेला आणि खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

साहेब धावत आले. सामुदायिक चूक म्हणून जर्नल सोडून द्यायचं ठरलं, बाकी सगळ्यांना सरासरी गुण. राहिली शिवांजली. परीक्षक गंभीर झाले आणि मला म्हणाले, "लिहिलेला गुण मला असाच खोडता येत नाही. तुम्ही दोन ओळी लिहून द्या, की हे तुमच्या सांगण्यावरून झालं. मी बदलतो."

आश्रुबा दारात उभा होता. त्याला फाडलेल्या पानांचं माहीत होतं. साहेब माझ्याकडे बघत म्हणाले, "कॉलेजाचं असलं काई कागदावर नगं. एक पोरगी तर हाय. दुसऱ्या खेपेला निघंल."

ज्या माणसाला मी दोन वर्षं अडाणी म्हणत आलो, त्याचं म्हणणं मला त्या क्षणी पटलं. मी म्हणालो, "राहू द्या, सर."

शिवांजली तीन गुणांनी नापास झाली.

निकालानंतर आठवड्याने ती स्टाफरूममध्ये आली. दाखला न्यायला आली असेल असं वाटलं. तिने नवीन जर्नल टेबलावर ठेवलं. बापाला कसं वळवलं कोण जाणे. आत स्वच्छ, बारीक पेन्सिलीने काढलेली चित्रं होती, मायक्रोस्कोपात दिसतात तशी. मी पानं उलटत राहिलो, तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून.

"आता चालंल का सर असं?" तिने विचारलं. "का अजून काई घालायचं हाय त्यात?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती.