बटाट्याखालची बातमी

युलाली दार्दारला ज्युरीत घेतलं, हे कळल्यावर बायूच्या, म्हणजे दलदलीतल्या त्या संथ ओढ्याच्या, दोन्ही काठांवरची माणसं आधी हसली आणि मग घाबरली. हसली, कारण कोळ्यांना आमिष आणि बर्फ विकणारं युलालीचं दुकान आमिषापेक्षा गप्पांवरच चालायचं. घाबरली, कारण खटला तेल कंपनीवरचा होता. कंपनीने दलदलीत कालवे खणले, तेल काढलं आणि कालवे न बुजवता तसेच सोडून दिले. त्यातून खारं पाणी आत शिरलं, गवत मेलं, गवतामागोमाग मातीही गेली, असा परगण्याचा दावा होता. जुन्या शाळेच्या पटांगणावर आता कोळंबीच्या होड्या जाळी टाकत होत्या. खटला कोर्टात उभा राहीपर्यंत दावा लावणाऱ्यांतले काही जण म्हातारे झाले होते.

न्यायाधीश बर्निस ऑजे यांनी पहिल्याच दिवशी ज्युरीला बजावलं होतं, "घरी बोलायचं नाही, बाहेरचं ऐकायचं नाही, पेपर वाचायचा नाही." त्यानंतर फ्लूची साथ आली आणि राखीव ज्युरर आजाऱ्यांच्या जागी खर्ची पडले. आता ज्युरीच्या बारा जणांतला एक जरी गळला असता, तर सगळं पहिल्यापासून.

युलालीने दुकानात बोलायचे विषय ठरवून घेतले होते. बर्फ, वारा आणि नणंद व्हेल्माची नवी कवळी.

"मावशी, नुसती मान हलव," एक कोळी म्हणायचा. "आपण जिंकतोय ना?"

"वारा दक्षिणेचा आहे."

"अगं, वाऱ्याचं कोण विचारतंय?"

"मग व्हेल्माच्या कवळीचं विचार."

नवरा अर्सेन तिला जपत होता. रोजचा पेपर दारात पडला रे पडला की तो उचलून होडीच्या शेडमध्ये नेऊन टाकायचा. इतका शहाणपणा त्याने लग्नानंतर प्रथमच दाखवला, असं व्हेल्माचं मत होतं.

आणि मग शनिवार आला. वसंतातला शनिवार म्हणजे अंगणात क्रॉफिशचं मोठं पातेलं चढणारच. बोटभर लांबीच्या तांबड्या शेवंडी, मका, बटाटे, लसूण आणि डोळ्यांत पाणी आणणारा मसाला. लांब टेबलावर पेपर पसरायचे, सगळं त्यावर ओतायचं आणि उभ्या उभ्या हातांनी सोलून खायचं. ताटं कोणी काढत नाही. अर्सेनने लहानपणापासून केलं तेच केलं. शेडमध्ये गेला, पेपरांचा गठ्ठा आणला, पसरला, टोपली उलटी केली.

युलालीने पहिली शेवंड उचलली आणि तिच्याखालून ठळक अक्षरं वर आली. 'किनारा खटला: कंपनीने आधीच देऊ केले होते'

त्याच्यापुढे बटाटा होता.

मोठा, लालसर, वाफाळता बटाटा. बायूवरच्या प्रत्येक घराच्या भानगडी जिला ठाऊक, ती युलाली त्या बटाट्याकडे पाहत उभी राहिली. करंगळीने ढकलला असता तरी पुरे होतं. तिने हात मागे घेतला, पाठ फिरवली आणि घरात जाऊन आतून कडी लावली.

"मसाला जास्त झाला का गं?" अर्सेनने दाराबाहेरून विचारलं. उत्तर नाही. रविवारी चर्चला जाताना नाही, जेवताना नाही. त्याच्याशी एक शब्द बोललं तर दुसरा बाहेर पडेल, आणि दुसऱ्यामागून बटाटा, हे तिला पक्कं माहीत होतं.

सांगितलं नाही तर कोणाला कळणार नव्हतं. सांगितलं तर तिला ज्युरीतून काढतील आणि तिच्यापायी सगळा खटला बुडेल. सोमवारी सकाळी ती थेट बेलिफाकडे गेली आणि म्हणाली, "मला न्यायाधीशबाईंना भेटायचंय."

न्यायाधीशांच्या खोलीत दोन्हीकडचे वकील उभे होते. युलालीने सगळं सांगितलं. टेबल, पेपर, शेवंड.

"आणि पुढचं वाचलंत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"पुढे बटाटा होता, बाई."

"हलवला नाहीत?"

"नाही. आयुष्यात इतकं जड काही मी न हलवता ठेवलं नसेल."

ह्यूस्टनहून आलेला कंपनीचा वकील खाकरला. "महोदया, या बाई बोलक्या आहेत, हे पेट्रोल पंपावरचा माणूससुद्धा मला सांगतो. शनिवारपासून यांनी कोणालाच सांगितलं नसेल, हे पटत नाही."

बाहेर बाकावर अर्सेन टोपी कुरवाळत बसला होता. त्याला आत बोलावलं.

"तुमच्या पत्नी शनिवारपासून तुमच्याशी काय बोलल्या?"

अर्सेनचा चेहरा रडवेला झाला. "काहीच नाही, बाई. मला वाटलं, माझं काही चुकलं. काल मी सगळी भांडी घासली. आज पाद्रीबाबांना विचारून आलो. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण इतकी शांतता मी घरात ऐकली नाही. हिला डॉक्टरकडे नेऊ का?"

ह्यूस्टनच्या वकिलाने हसू दाबायचा प्रयत्न केला. जमला नाही.

"जेवढं वाचलंत, ते बाजूला ठेवून निकाल देता येईल?" न्यायाधीशांनी युलालीला विचारलं.

"बटाटा ठेवला, तसं तेही ठेवीन."

"जा, जागेवर बसा," बाई म्हणाल्या. "आणि काका, पुढच्या शनिवारी केळीची पानं वापरा."

निकाल शुक्रवारी दुपारी लागला. बारातल्या नऊ जणांचं जमलं तरी चालतं, इथे बाराही एका बाजूला होते. कंपनीने दलदल सावरायला एकसष्ट कोटी डॉलर द्यावेत. कोर्टात कोणीतरी मोठ्याने रडलं. कंपनीच्या वकिलाने उठून मागणी केली, की प्रत्येकाला वेगळं विचारा. तो त्याचा हक्कच होता. कारकून एकेकाचं नाव घेत गेला.

"युलाली दार्दार, हा तुमचा निकाल आहे?"

मागच्या बाकांवर अख्खा बायू श्वास रोखून बसला होता. किती आठवडे तुंबलेलं बोलणं आता बाहेर येणार, असं सगळ्यांना वाटलं. युलाली उभी राहिली.

"हो," ती म्हणाली आणि खाली बसली.

इतकं भरगच्च भाषण तिने आजवर केलं नव्हतं.

कंपनी अपील करणार होती, माती परत यायला वेळ लागणार होता, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी शनिवारी दार्दारांच्या अंगणात तीन पातेली चढली. अर्सेनने केळीची पानं आणली होती. युलालीने ती बाजूला सारली.

"पेपर आण. सगळे. पहिल्यापासूनचे."

टोपल्या उलट्या झाल्या. युलाली टेबलाच्या एका टोकाला उभी राहिली आणि मोठ्याने वाचायला लागली. अर्सेन तिच्या शेजारून चालत होता आणि तिच्या नजरेपुढचा एकेक बटाटा अदबीने बाजूला करत होता.

"व्हेल्मा, तो मका उचल!" युलाली ओरडली. "तुझ्या मक्याखाली न्यायाधीशबाई आहेत!"