बाहेर जायचं झालं तर

बायको माया गेल्यावर धम्मानंदनं दुकान बंद केलं ते बंदच ठेवलं. सक्करदऱ्यात त्याचं मोटार बांधायचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, तो त्यातली काळी पडलेली तार काढून नवी भरायचा. नरखेडकडचे बागवाले मोटार घेऊन यायचे ते बहुतेक रविवारीच, आणि आले की एकच म्हणायचे, आजच करून द्या, संत्रा सुकून राहिला. धम्मानंद नाही म्हणायचा नाही. माया म्हणायची, "एखाद्या रविवारी कुठं तरी जाऊ." तो म्हणायचा, "हा मोसम जाऊ दे." मोसम जायचा, पण मोटारी काही जळायच्या थांबल्या नाहीत. अशात मुलगी प्रीती मोठी झाली, तिचं लग्न झालं, ती बेसाला राहायला गेली. मग एका उन्हाळ्यात माया दुपारी ताट वाढता वाढता खाली बसली आणि उठली नाही.

मागच्या गल्लीत दामिनीचं ब्यूटी पार्लर होतं. ती मायाची मैत्रीण. कंपनीवाले तिला वानगीदाखल छोट्या पुड्या आणि बोटाएवढ्या ट्यूबा देऊन जायचे. त्यातल्या काही ती मायाला द्यायची. माया त्या साडीच्या रिकाम्या खोक्यात जमा करायची. धम्मानंदनं एकदा विचारलं होतं, "लावत तं नाही तू काही. ठेवते कायले?"

"बाहेर जायचं झालं तर लावीन."

"घरी लावलं तं पाप लागते काय?"

"घरी कोण पाहते? तुम्ही?" असं म्हणून ती हसली होती, आणि त्याला ते हसणं आता दिवसातून कधीही आठवायचं.

मायाचं सामान वाटलं त्या दिवशी साड्या नात्यातल्या बायांनी नेल्या. प्रीतीनं फक्त ते खोकं मागितलं. "बाबा, आईचं पार्लरवालं खोकं कुठं आहे?" धम्मानंदच्या तोंडून निघून गेलं, "ते दामिनीले वापस दिलं." का निघालं ते त्यालाही सांगता आलं नसतं. घरातून इतकं सगळं जाताना पाहून एक तरी वस्तू राहावी असं वाटलं होतं, एवढंच. खोकं कपाटावर होतं. प्रीती "बरं" म्हणाली आणि तोंड फिरवून चहाचे कप उचलायला लागली.

थंडी पडली तशा धम्मानंदच्या टाचा फाटल्या. चालताना रक्त यायला लागलं. दरवर्षी माया खोबरेल तेल गरम करून द्यायची. या वर्षी तेलही संपलं होतं. एका रविवारी सकाळी त्यानं कपाटावरचं खोकं काढलं आणि पायाचं चित्र असलेली एक ट्यूब शोधून टाचांना चोळली. गार वाटलं. दुसरी टाच चोळत असताना त्याला आठवलं की ही बाहेर जायची वस्तू आहे, आणि आपण बनियनवर पलंगावर बसलो आहोत.

त्याला फार वाईट वाटलं. पुसून टाकावं तर अर्धी मुरली होती. मग त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला, चप्पल घातली आणि बाहेर पडला. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. बस सीताबर्डीची आली म्हणून सीताबर्डीला उतरला. मेट्रोत तो कधी बसला नव्हता, म्हणून बसला आणि खापरीपर्यंत जाऊन परत आला. वरून घरांच्या गच्च्या दिसत होत्या, गच्च्यांवर वाळत घातलेल्या चादरी दिसत होत्या. इतकी वर्षं ज्या गावात राहिलो त्याची वरची बाजू आपण पाहिलीच नाही, असं त्याला वाटलं. बाजूला बसलेल्या म्हाताऱ्यानं त्याच्यापुढं फुटाण्याचा कागद धरला. दोघं खात बसले.

संध्याकाळी प्रीतीचा फोन आला. "बाबा, काय करून राहिले? कुठं गेले होते का?"

"विहारात," तो म्हणाला. रविवारच्या वंदनेला जात जा म्हणून ती किती दिवसांपासून मागं लागली होती.

"छान केलं. जात जा. आईले बरं वाटन."

'विहारात' या एका शब्दानं सगळं सोपं झालं आणि तितकंच कठीणही. पुढच्या रविवारी तो पुन्हा निघाला. नियम त्यानं स्वतःच करून घेतला: बाहेर जायचं त्याच दिवशी एक पुडी फोडायची, आणि पुडी फोडली की घरी बसायचं नाही. फुटाळा तलावावर गेला तेव्हा त्यानं सूर्याचं चित्र असलेली क्रीम लावली, आणि पोचला तो दिवस मावळताना. अंबाझरीच्या बागेत गेला तेव्हा गुलाबाच्या वासाची एक शिशी मानेवर रिकामी केली. बाकावर शेजारी बसलेला माणूस उठून पलीकडं जाऊन बसला. दर रविवारी संध्याकाळी फोन यायचा आणि दर रविवारी धम्मानंद विहारात जाऊन आलेला असायचा. प्रीती विचारायची, गर्दी होती काय? तो म्हणायचा, होती. हे खोटंही नव्हतं.

रामटेकच्या रविवारी त्यानं चेहऱ्याचा लेप लावला. पुडीवर एका बाईचा पांढरा चेहरा होता, तेव्हा लावून तसंच राहायचं असणार, असं त्यानं धरलं. एसटीत बसेपर्यंत लेप वाळला. कामठी येईस्तोवर गाल असे आवळले की तोंड उघडेना. कंडक्टर तिकीट फाडताना थांबला.

"काका, हळद लागली काय?"

मागच्या सीटवरचे हसले. धम्मानंदला उत्तर द्यायचं होतं पण ओठ हलले की गालावरचा पोपडा पडत होता.

"नवरदेवाले बोलायले मनाई असते गा," मागून कोणी तरी म्हणालं.

बाजूच्या सीटवर एक बाई होती, मांडीवर वांग्यांची पिशवी घेऊन. ती हळूच म्हणाली, "भाऊ, हे धुवा लागते. लावून ठेवत नाहीत."

"कधी धुवा लागते?"

"वाळलं की. तुमचं तं कधीचंच वाळलं."

रामटेकच्या स्टँडवर नळ होता. धम्मानंदनं तोंड धुतलं. पांढरं पाणी शर्टावर आलं, कानात गेलं. पानठेल्याच्या आरशात त्यानं पाहिलं, तर भुवयांत अजून लेप अडकलेला, आणि मधला चेहरा एखाद्या पोरासारखा तुळतुळीत. त्याला हसू फुटलं. साधं नाही, पोट धरून. पानठेलेवालाही काही न कळता हसायला लागला. माया गेल्यापासून तो हसला नव्हता. हसू ओसरलं तसा तो आरशापासून बाजूला झाला. ज्यावर आपण हसलो ते तिचं होतं. तिनं ते जपून ठेवलं होतं, आणि आज इथं तिनं यायचं होतं. गड चढायचा म्हणून आला होता, पण तो पायरीवरसुद्धा गेला नाही. परतीच्या बसनं घरी आला, आणि संध्याकाळी फोनवर सांगितलं की आज वंदनेला उशीर झाला.

गालाला दोन दिवस खाज सुटली. त्याला वाटलं, बरोबरच आहे.

तरी शुक्रवार आला की त्याला रविवारची ओढ लागायची. शर्ट कोणता घालायचा, कुठली बस. त्याला याचीच जास्त लाज वाटायची. दुःखात माणूस काहीही करतो, हे लोक समजून घेतात. पण आपण वाट पाहतो, हे कोणाला सांगायचं?

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो कोराडीकडून परतला तेव्हा दार उघडं होतं आणि प्रीती आत बसली होती. एक चावी तिच्याकडं असायची. समोर खिरीचा डबा होता, झाकणही न काढलेला.

"कधी आली?" त्यानं विचारलं.

"सकाळी. विहारात गेली होती. म्हटलं खीर घेऊन जाऊ, बाबा तिथंच भेटतीन." तिनं डबा थोडा बाजूला सरकवला. "गल्लीतल्या पार्वतीबाई भेटल्या दारात. जय भीम केला. म्हटलं बाबा आले काय? तं म्हणे, तुझे बाबा? ते तं मायाच्या तेराव्यापासून... "

"आपल्यात तेरावं कुठं असते?" धम्मानंद म्हणाला.

"बाबा, विषय बदलू नका. तशाच बोलतात त्या. म्हणे, तेव्हापासून पाय नाही ठेवला त्यांनी इथं. रविवारी इस्त्री करून, सेंट लावून बसनं जाते म्हणे तुझा बाप. आणि वरून मले म्हणे, पोरी, मनाले लावून नको घेऊ, माणसाच्या जातीले एकटं राहवत नाही."

धम्मानंद खुर्चीत बसला. त्याच्या मानेला आजही कसला तरी फुलांचा वास होता, आणि तो खोलीभर झाला होता.

"कोण आहे ती?" प्रीतीनं विचारलं.

त्याला पहिल्यांदा समजलं नाही. मग समजलं, आणि क्षणभर त्याला वाटलं, राहू द्यावं. बाई आहे म्हणावं. मुलगी रागावेल, बोलेल, मग कधी तरी समजून घेईल. पार्वतीबाईनं तर आत्ताच समजून घेतलं होतं. जे खरं होतं ते त्याहून वाईट वाटत होतं. पण प्रीतीचे डोळे रडून सुजलेले होते, आणि तिच्या आईच्या जागी कोणी बसवायचं, खोटी का होईना, हे त्याच्यानं झालं नाही.

तो उठला. कपाटावरून खोकं काढलं आणि डब्याशेजारी ठेवलं.

प्रीतीनं झाकण उघडलं. आत तीन पुड्या उरल्या होत्या. बाकीच्या रिकाम्या त्यानं फेकल्या नव्हत्या, चपट्या करून खाली रचून ठेवल्या होत्या.

"हे तं दामिनीमावशीले दिलं होतं ना?"

"नाही दिलं."

"मी मागितलं होतं, बाबा."

"हो."

"आणि तुम्ही लावून टाकलं?"

"घरी नाही लावलं," तो म्हणाला. "बाहेर गेलो तेव्हाच लावलं. एका वेळी एक." हे बोलताना त्याचं त्यालाच कळलं की यात बचाव म्हणून सांगण्यासारखं काही नाही.

तिनं एक पुडी उचलून खिडकीकडं धरली, बारीक अक्षरं वाचली. दुसरी वाचली. "बाबा, हे खराब झालेलं आहे. तारीख कधीच निघून गेली. चेहऱ्याले काही झालं नाही?"

"खाज आली."

"मंग थांबायचं नाही?"

"मले वाटलं, तिचं लावलं म्हणूनच येऊन राहिली."

प्रीतीच्या नाकातून हसल्यासारखा आवाज निघाला आणि मधेच तुटला. तिनं पदरानं तोंड दाबलं. मग तिनं सगळं खोक्यात भरलं, रिकाम्या पुड्यासुद्धा, आणि खोकं पिशवीत टाकलं. दारात चप्पल घालताना ती वळली.

"मजा येत होती तुम्हाले?"

नाही म्हणणं किती सोपं होतं.

"आली," तो म्हणाला.

"मंग आई होती तेव्हा काहून नाही गेले?"

मोटारीचं नाव घ्यायलासुद्धा त्याची जीभ उचलली नाही. ती गेली. खिरीचा डबा तसाच राहिला. त्यानं ती खीर उभ्यानंच खाल्ली, कारण टाकून देणं आणखी वाईट झालं असतं.

आठवडाभर फोन आला नाही. तो फोन उचलायचा आणि ठेवून द्यायचा. पुढचा रविवार उजाडला. लावायला काही नव्हतं, म्हणजे जायला कारणही नव्हतं. धम्मानंद आंघोळ करून नुसताच बसला. मग शर्ट घातला आणि विहारात गेला. पार्वतीबाई दारात बसल्या होत्या.

"आले गा बापा," त्या म्हणाल्या. "आज सुट्टी दिली काय तिनं?"

"कोणीच नाही आहे, पार्वतीबाई. मी एकटाच फिरतो. वंदना झाली की खिंडसीले चाललो."

"एकटे? तिथं काय आहे?"

"पाणी आहे म्हणे."

पार्वतीबाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्याला वाटलं, बाई असती तर बरं झालं असतं.

वंदना झाली. रामटेकची बस निघून गेली होती, म्हणून तो देवलापारच्या बसमध्ये बसला. मनसरला उतरून पुढं जायचं होतं. खिडकीजवळ जागा मिळाली. कन्हान गेल्यावर त्यानं फोन लावला. प्रीतीनं उचलला.

"मी बसमध्ये आहो," तो म्हणाला. "विहारात गेलो होतो, खरंच गेलो होतो. आता खिंडसीले जाऊन राहिलो. काही लावलं नाही आज. नुसताच जाऊन राहिलो. तुले सांगून जाव म्हटलं."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. मग प्रीती म्हणाली, "आई गेली होती तिथं."

"कुठं?"

"खिंडसीले. माह्या लग्नाच्या आधी. मी आणि ती. तुम्हाले सांगितलं होतं मामीकडं जाऊन राहिलो म्हणून."

बस एका ट्रकच्या मागं मंदावली. धम्मानंदनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मले काहून नाही सांगितलं?"

"ती म्हणे नको सांगू. तिकडं मोटारी पडल्या आहेत, ऐकलं तं तुह्या बाबाच्या मनाले लागन. उगाच अर्धं काम टाकून उठतीन म्हणे."

त्याला बरं वाटायला हवं होतं. ती गेली होती, तिनं पाहिलं होतं. पण बरं वाटण्याच्या आधी त्याला हेवा वाटला, त्या दुपारचा, जिथं तो नव्हता आणि ज्याच्याबद्दल ती इतकी वर्षं रात्री जेवताना एक शब्द बोलली नव्हती. खोटं तो एकटाच बोलला नव्हता. आणि तिचं खोटंसुद्धा त्याच्यासाठीच होतं.

"बोटीत बसली होती?" त्यानं विचारलं.

"बसली ना. आधी नाही म्हणे. मंग उतरायलेच तयार नाही."

"सांग ना मले."

"काय सांगू?"

"सगळं. कोणती साडी होती, काय खाल्लं. तोंडाले काही लावलं होतं काय?"

कुकर खाली उतरवल्याचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग प्रीती सांगायला लागली. निळी साडी होती, काठाची. डब्यात मुंगवड्या नेल्या होत्या आणि चटणी घरी विसरली होती. बोटवाल्याशी आई भांडली, आणि निघताना त्यालाच अर्ध्या मुंगवड्या देऊन आली. धम्मानंद डोळे मिटून ऐकत होता, मधे मधे "मंग?" म्हणत होता. कोणी तरी त्याच्या खांद्याला हात लावला. कंडक्टर होता.

"काका, मनसर मागं गेलं ना. उतरले काहून नाही?"

"जाऊ द्या," धम्मानंद म्हणाला, आणि फोनवर म्हणाला, "तू सांग वं. मंग?"